टेडची चौकट चांगलीच आहे, घोळ बसवण्यात होतो

ट्रॉलच्या, म्हणजे नौकेमागून ओढायच्या, जाळ्यात कासवांच्या सुटकेचं ‘टेड’ बसवायचं म्हटलं की बंदरावर पहिला प्रश्न ठरलेला: ‘त्यातनं कोळंबी किती जाणार?’ प्रश्न रास्त आहे. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार सगळं त्याच खोल्यातून, म्हणजे माल साठतो त्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीतून, निघायचं असतं. उत्तर आधीच देऊन टाकतो: नीट बसवलं तर फार थोडी जाते. वाकडं बसवलं तर बरीच जाते, आणि वर कासवही अडकून मरतं. म्हणजे दोन्हीकडून तोटा. टेडबद्दलच्या बहुतेक तक्रारी वस्तूच्या नसून शिवणीच्या आहेत, म्हणून या परीक्षणात चौकटीवर कमी आणि ती बसवण्यावर जास्त लिहिलं आहे.

टेड म्हणजे टर्टल एक्सक्लुडर डिव्हाइस. नाव भारदस्त, वस्तू साधी. जाळं निमुळतं होत खोल्याला मिळतं, त्याच्या जरा अलीकडे ट्रॉलच्या गळ्यात शिवलेली सळयांची तिरपी चौकट. कोळंबी आणि बारीक मासळी सळयांच्या फटींतून मागे खोल्यात जाते. कासव सळयांना धडकतं, उतारावरून वर सरकतं आणि वरच्या भोकावरचा जाळीचा पडदा ढकलून बाहेर पडतं. पाण्याच्या दाबानं पडदा पुन्हा चौकटीवर बसतो. ना मोटर, ना स्प्रिंग. मूळ कल्पना कासवांसाठीही नव्हती. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सिंकी बून नावाच्या कोळंबीवाल्यानं १९६० च्या दशकात जेलीफिश बाहेर फेकायला अशी चौकट केली होती. कासवांसाठी तिचा उपयोग पुढे झाला. आपल्याकडे जेलीफिशचा लोंढा आला की खोला कसा जड होतो, सगळा माल कसा बुळबुळीत होतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना बूनचा त्रास लगेच कळेल.

बाजारात आणि सरकारी वाटपात मुळात दोन प्रकार दिसतात.

पहिला, कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे ‘सिफ्ट’चा जुना नमुना. लंबगोल चौकट, उंची १००० मिमी, रुंदी ८०० मिमी. बाहेरचं कडं १० मिमी स्टेनलेस सळईचं, आत ८ मिमीच्या पाच उभ्या सळया, दोन सळयांत १४२ मिमी फट. कासवानं बाहेर पडायचं तोंड वरच्या बाजूला. नुसत्या सळईचं वजन हिशेबानं साडेतीन किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ‘चौकटीनं जाळं बुडतं’ ही तक्रार फारशी टिकत नाही. सिफ्टच्या व्यावसायिक नौकांवरच्या चाचण्यांत कोळंबीची गळती १ टक्क्याच्या आत आणि इतर मासळीची अडीच-तीन टक्क्यांच्या घरात राहिली होती. आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. पूर्ण वाढलेलं असेल तर पाठ ६० ते ७० सेंमी, वजन ३५ ते ४५ किलो. त्याच्यासाठी ही चौकट पुरेशी आहे.

दुसरा प्रकार अमेरिकी मापाचा. त्यात दोन सळयांमधली फट जास्तीत जास्त ४ इंच, म्हणजे १०२ मिमी. चौकटीची आतली लांबी-रुंदी कमीत कमी ३२ इंच, म्हणजे ८१ सेंमी. भरीव पोलादी सळई पाव इंचापेक्षा बारीक चालत नाही, अॅल्युमिनियमची अर्ध्या इंचापेक्षा. खोल समुद्रात वापरायचं एका पडद्याचं तोंड ताणून मोजलं तर ७१ इंच भरावं लागतं. एवढं मोठं तोंड कशाला, तर दीड-पावणेदोन मीटर पाठीचं लेदरबॅक कासवही त्यातून निघालं पाहिजे. आणि बारीक फट कशाला, तर लहान वयाचं कासव १४२ मिमीच्या फटीत आडवं होऊन शिरू शकतं किंवा मान-पाय घालून बसतं. तिथल्या चाचण्यांत टेडनं १०० पैकी ९७ कासवं बाहेर काढली तरच ते पास होतं.

कोणतं घ्यावं? निर्यातीची कोळंबी पकडत असाल तर दुसरं. अमेरिकेनं १९८९ च्या कायद्यातल्या कलम ६०९ चा आधार घेऊन, टेडशिवाय पकडलेली समुद्री कोळंबी घ्यायची नाही असं धोरण ठरवलं. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि १९९८ मध्ये निकाल आला. पण प्रश्न तिथे मिटला नाही. २०१९ पासून आपल्या समुद्रातल्या कोळंबीला अमेरिकेचं दार बंद आहे. तळ्यात वाढवलेल्या व्हॅनामी कोळंबीला ही अडचण नाही, त्यामुळे निर्यातीचे आकडे एकत्र पाहिले की हा तोटा डोळ्यांत भरत नाही. पण जाळ्यानं पकडलेल्या मोठ्या कोळंबीचा भाव कुठे अडकतो, हे ट्रॉलरवाल्याला विचारा. या कोंडीतून बाहेर पडायला सिफ्टनं ‘नोआ’ या अमेरिकी संस्थेच्या तांत्रिक मदतीनं बारीक फटीचा नवा नमुना केला आहे. आता नवं टेड घेणाऱ्यानं जुनं १४२ मिमीवालं घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. जुनं आधीपासून नौकेवर असेल तर फेकू नका. काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

स्थानिक वेल्डरकडून करून घेणार असाल तर एक हिशेब आधी मांडा. आतली रुंदी ८१ सेंमी आणि सळई १० मिमीची धरली, तर सहा उभ्या सळयांत फट १०७ मिमीवर जाते आणि माप नापास होतं. सात सळया घातल्या की ती साडेब्याण्णव मिमीवर येते. म्हणजे सातच. एक सळई वाचवायच्या नादात चौकट बाद झाली असं होतं. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन दर्जे मिळतात. ३०४ स्वस्त, पण खाऱ्या पाण्यात त्याला टिकल्या-टिकल्यांनी गंज धरतो, आणि पहिला धरतो तो वेल्डिंगच्या सांध्यावर. ३१६ घ्या. सांधे आत-बाहेर दोन्हीकडून घासून गुळगुळीत करून घ्या. सांध्यावर राहिलेला धातूचा एक बोंड पुरतो. कोळंबीच्या मिशा, प्लास्टिकचे धागे तिथे अडकायला सुरुवात होते आणि त्यावर बाकीचा कचरा साचत जातो.

आता मुख्य गोष्ट: कोन.

चौकट पाण्याच्या ओघाला ३० ते ५५ अंशांत तिरपी हवी. शक्य तर ४५ च्या आसपास ठेवा. वरच्या तोंडाच्या टेडमध्ये चौकटीचा खालचा भाग जाळ्याच्या मुखाकडे, वरचा भाग खोल्याकडे. हे उलटं शिवलेलं टेड म्हणजे कासवासाठी पिंजराच, कारण कासव सरकत सरकत भोकाकडे जायच्या ऐवजी खालच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. कोन ५५ च्या वर गेला की चौकट भिंतीसारखी उभी राहते. पाण्याचा दाब कासवाला सळयांवर चिकटवून ठेवतो, ते वर सरकूच शकत नाही. कचऱ्याचंही तेच होतं. कोन ३० च्या खाली आला की चौकट आडवी पडल्यासारखी होते, पाणी वर वळून पडदा उचलून धरतं आणि त्या वाटेनं कोळंबी सरळ समुद्रात. ‘टेड लावलं नि धंदा बसला’ ही तक्रार ऐकली की आधी हा कोन पाहावा.

मोजायचं कसं? १००० मिमी उंचीच्या चौकटीचा साधा हिशेब असा: ४५ अंशांना वरचं आणि खालचं टोक जाळ्याच्या लांबीत एकमेकांपासून सुमारे ७०७ मिमी पुढे-मागे येतं. ५५ अंशांना हे अंतर ५७४ मिमी, ३० अंशांना ८६६. शिवताना धाग्यानं खुणा करून घ्या, मग चौकट लावा. शिवून झाल्यावर तो जाळ्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी ताणून आडवा टांगा, खाली लोंबू देऊ नका, आणि मधल्या सळईवर फोन टेकवून त्यातलं लेव्हलचं ॲप उघडा. कोनमापक विकत घ्यायचीही गरज नाही. मात्र हे एकदा करून भागत नाही. नवं नायलॉन पहिल्या काही ओढींत (जाळं एकदा टाकून, ओढून वर घेतलं की एक ओढ) ताणतं, गाठी बसतात आणि कोन पाच-सात अंशांनी सहज हलतो. पहिल्या चार-पाच ओढींनंतर पुन्हा मोजा, मग दर महिन्याला.

चौकट जाळ्याला बांधताना प्रत्येक डोळ्यातून दोरा घेऊन कड्याभोवती गुंडाळा. चार-चार डोळे सोडून बांधलेली चौकट ओढीत फिरते आणि मधल्या झोळात मासळी अडकून कुजते. तळाकडचा भाग वाळूवर घासतो, तिथे जुन्या जाळीचा जाड पट्टा बाहेरून शिवा. चौकटीच्या वरच्या दोन्ही खांद्यांवर, जाळ्याच्या बाहेरून, एकेक कडक फ्लोट लावा. वरच्या तोंडाच्या टेडला अमेरिकी नियमात फ्लोटची सक्ती नाही, पण ते नसेल तर जाळं पाण्यात सोडताना खोला एक वळण घेतो आणि वरचं तोंड खाली होतं. वर नौकेवर कुणाला काही कळत नाही. ओढून काढल्यावर फक्त दिसतं की कोळंबी कमी आहे.

पडदा हा दुसरा नाजूक भाग. तो तोंडाच्या पुढच्या काठाला पक्का शिवलेला आणि बाजूंना थोडा धरलेला असतो, मागचा काठ मोकळा. चौकटीच्या वरच्या टोकामागे त्याची लांबी २४ इंचांपर्यंत, म्हणजे ६० सेंमीपर्यंत असावी. त्याहून लांब पडदा कासवाला उचलता येत नाही. आखूड पडदा नीट बसत नाही. पडदा कापताना ताणून कापू नका. सैल पडलेल्या जाळीवर सैलच मापा, नाहीतर तो सुकल्यावर आखडतो आणि एका बाजूनं फट राहते. दर ओढीनंतर हात फिरवून बघा. हाताला पडदा चौकटीवर सपाट लागला पाहिजे, कुठे फुगा नको, भोक नको. आणि खोला उचलायचा दोर पडद्यावरून जाऊ देऊ नका. तो बाजूनं न्या, कड्यातून ओवून. दोर पडद्यावर बसला की टेड असून नसल्यासारखं, आणि तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला ते बंद केल्यासारखं दिसतं.

बंद करणं हेही होतंच. प्लास्टिकच्या पट्ट्यानं किंवा दोन गाठींनी पडदा शिवून टाकतात आणि बंदरात शिरताना कापतात. यामागे बहुतेक वेळा हाच राग असतो की पहिल्या फेऱ्यांत माल गेला. त्या फेऱ्यांत कोन कुणी मोजला होता, हे विचारलं तर गप्प.

कचऱ्याचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि इथे टेडला पूर्ण गुण देता येत नाहीत. खाडीच्या तोंडासमोर, पाऊस संपल्यावर पहिल्या महिन्यात, कांदळवनाची लाकडं, नारळाच्या झावळ्या, गोणपाट आणि टाकून दिलेली जाळी ढिगानं येतात. चौकटीवर ती आडवी बसली की मागे काहीच जात नाही आणि सगळा माल पडद्याखालून निघून जातो. उपाय दोन. एक, ओढ लहान ठेवा. दोन, अशा जागी खालच्या तोंडाचं टेड, ज्यातून लाकूड आणि दगड खाली पडून जातात. पण खालच्या तोंडाला फ्लोट लावलेच पाहिजेत. ते नसतील तर चौकट तळावर टेकते, पडदा वाळूनं दाबला जातो आणि कासवाची वाट बंद होते.

तांडेलांची, म्हणजे नौका चालवणाऱ्यांची, अजून एक तक्रार आहे, आणि तिला खोडून काढता येणार नाही. घोळ मासा. अमेरिकी ट्रॉलर मुख्यतः कोळंबीच्या मागे असतो. आपला ट्रॉलर कोळंबी, म्हाकूल, बळा, पाकट, जे मिळेल ते घेतो. मोठी घोळ १०२ मिमीच्या फटीतून जात नाही, ती कासवासारखीच वर सरकून बाहेर पडते. आणि तिच्या भोताला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) मिळणारा भाव पाहिला तर एका घोळीच्या जाण्याचं दुःख कुणालाही समजेल. मोठी पाकटही अशीच जाते. टेडचा प्रचार करणाऱ्यांनी हे मान्य करून बोलावं, ‘काहीच जात नाही’ असं सांगू नये. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगावं. जड पाकट, जेलीफिश आणि दगड खोल्यात न आल्यानं खालची कोळंबी चेंगरत नाही, जाळं हलकं ओढलं जातं आणि निवडायला खलाशांचा वेळ कमी लागतो. आणि समुद्री कोळंबीच्या निर्यातीची वाट मोकळी होते.

पैशाचं थोडक्यात: टेडसाठी केंद्र आणि राज्य सरकारचं साहाय्य मिळतं, म्हणून खिशातून घेण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात चौकशी करा. फक्त वाटपात मिळालेली चौकट तशीच जाळ्यात घालू नका. तुमच्या जाळ्याच्या गळ्याचा घेर आणि चौकटीचा घेर जुळतो का, हे पाहा. जाळ्याचा घेर मोठा असेल तर चौकटीभोवती झोळ राहतो, लहान असेल तर कोन बदलतो.

टेड कुणाच्या कामाचं नाही, हेही सांगायला हवं. डोल, पर्ससीन आणि तरंगत्या जाळ्यांना ते लागू होत नाही. तरंगत्या जाळ्यात कासव गुरफटलं तर जाळं कापणं हाच उपाय. त्यासाठी महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस वनखात्याच्या कांदळवन कक्षानं योजना सुरू केली. वन्यजीव कायद्यात संरक्षण असलेला प्राणी सोडवताना जाळं फाटलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं कापताना आणि कासव सोडताना फोनवर फोटो काढून ठेवा. कोकणात कासवाला हळद-कुंकू वाहून सोडणारे कोळी आहेत, त्यांना आता फोटोही काढावा लागतो, एवढाच फरक.

हे सगळं कोकणात का महत्त्वाचं, तर वेळ जुळते. नोव्हेंबर ते मार्च रिडलेच्या माद्या वेळास, आंजर्ले, गुहागरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पुळणींवर अंडी घालायला येतात, आणि ट्रॉलर त्याच महिन्यांत, त्याच उथळ पाण्यात असतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, ती ४५ ते ६५ दिवस राखायची, पिल्लं सोडायची, आणि त्यातून मोठी होतात ती अगदी मोजकी. पिल्लू वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. त्यामुळे ट्रॉलमध्ये बुडालेली एक मादी हॅचरीतल्या कितीतरी घरट्यांची मेहनत घेऊन जाते. आणि एका राज्यात टेड लावून भागतही नाही. ओडिशात २०२१ मध्ये पायाला टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. मधल्या वाटेवर आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, गोवा अशा सगळ्यांची जाळी.

टेड असूनही कधी कासव नौकेवर येतं. पडदा अडकलेला असतो किंवा जाळं वर घेताना ते नुकतंच शिरलेलं असतं. आपल्याकडे ओढ दोन-तीन तासांची असते. घाबरून धडपडणाऱ्या कासवाचा दम त्याच्या कितीतरी आधी संपतो. अमेरिकेत टेडमधून सूट असलेल्या नौकांना म्हणूनच ओढ ५५ मिनिटांची, थंडीत ७५ मिनिटांची ठेवावी लागते. निपचित पडलेलं कासव मेलेलंच असतं असं नाही. ते परत समुद्रात टाकलं की मात्र नक्की बुडतं. त्याऐवजी असं करा:

ते पोटावर ठेवा, उताणं कधीच नाही. मागचा भाग १५ सेंमी तरी उंच करा, जुना टायर किंवा क्रेट चालेल, म्हणजे फुप्फुसातलं पाणी बाहेर येतं. कासव मोठं असेल तर मागचा भाग आणखी उंच ठेवा. मधूनमधून कवचाच्या कडा धरून डाव्या-उजव्या बाजूला सात-आठ सेंमी हळू डोलवा. सावलीत ठेवा, डोकं, कवच आणि पायांवर ओला कपडा. पाण्याच्या पिंपात ठेवू नका. मधूनमधून डोळ्याजवळ आणि शेपटीला हलकं बोट लावून बघा, हालचाल होते का. चार तासांपासून चोवीस तासांपर्यंत वाट पाहायची. शुद्धीवर आलं की इंजिन न्यूट्रलला, जाळं पाण्यात नसताना, नौकेच्या मागच्या बाजूनं डोकं पुढे करून सोडा.

टायर त्यासाठी नौकेच्या मागच्या बाजूलाच ठेवा, म्हणजे ऐन वेळी शोधत बसावं लागत नाही. सुटं सामान म्हणून एक जादा पडदा कापून तयार ठेवा, दोन फ्लोट आणि दोऱ्याचं एक रीळ. सळई वाकली तर हातोड्यानं नौकेवरच सरळ करू नका. एक सळई दहा मिमी सरकली की शेजारची फट तेवढीच मोठी होते. बंदरात आणून, माप घेऊनच सरळ करा. आणि पावसाळी बंदीत जाळी दुरुस्तीला काढाल तेव्हा टेडचा तुकडा पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. नायलॉन त्या घडीत आखडतं, आणि हंगामाच्या पहिल्या ओढीला कोन पुन्हा पहिल्यापासून लावायला लागतो.